छत्रीवाल्या आत्याची कोप

टीव्हीचा उपग्रह आकाशात नेमका कुठं टांगलाय, हे दोघांनाच ठाऊक होतं. एक तो सोडणाऱ्या शास्त्रज्ञाला आणि दुसरं आमच्या ऊसतोड टोळीतल्या छत्रीवाल्या आत्याला. शास्त्रज्ञ एखाद्या वेळी चुकला असेल, आत्या नाही.

पाथर्डीहून टोळी निघाली की बाकीच्या बाया ट्रॉलीत आधी पीठ-मीठ चढवायच्या. आत्या आधी डिशची छत्री चढवायची, गोधडीत गुंडाळून. मुक्कामावर तिला यंत्रबिंत्र लागत नसे. "थंडीत न्ह्यारीला सूर्य जिकडं, तिकडं छत्रीचं त्वांड," एवढंच तिचं शास्त्र. चित्र अडकलं की वायरीची पिन पदरानं पुसायची, नट अर्धा फेरा पिळायची, की उपग्रह वरून सलाम ठोकायचा. शपथेवर सांगतो, मी पाहिलाय.

त्या वर्षी आम्ही शेवगावकडच्या उसात होतो. आत्याची लेक खो-खोच्या अंतिम सामन्यात खेळणार होती आणि सामना टीव्हीवर दिसणार होता. मुकादमानं आत्याला जायला रजा दिली नाही.

"मग हितंच बघीन," ती म्हणाली.

पण मुक्काम आदल्याच दिवशी नव्या फडाजवळ हलला होता. टीव्ही लावला तर पडद्यावर नुसते चौकोन! पिन पुसली, नट पिळला, काही नाही. शेवटी आत्यानं छत्रीमागं बसून वर पाहिलं. समोर ढगाला टेकलेली चिंच. मळ्याचा मालक फांदीला हात लावू देईना. छत्री चिंचेपलीकडं न्यावी तर वायर तोकडी. लांब वायर आणायला शेवगाव गाठावं लागणार, आणि सामन्याला उरला अर्धा तास.

"बस आता गप," मुकादम म्हणाला. "चिंच काय तुझ्यासाठी सरकंल व्हय?"

"चिंच कशाला? माझी कोप सरकंल!"

आणि बांबू-चटईची ती अख्खी झोपडी चार बायांनी चार बाजूंनी उचलली! चूल मागं उघड्यावर धुमसत राहिली, आतली कोंबडी घराखालून चालत निघाली.

"आत्या, कोपींची रांग मोडू नगं!" मुकादम मागून ओरडला.

"मोडली! बस तू सरळ करत!"

चिंचेपलीकडं चित्र असं लखलखलं, की मैदानातली माती आमच्या डोळ्यांत गेली. लेक उतरली. दुसऱ्याच मिनिटाला बाद झाली. संघही हरला.

मुकादम फिदीफिदी हसला. "एवढ्यासाठी घर उचललं व्हय?"

आत्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. "जिकली असती तर सगळ्या जिल्ह्यानं बघितली असती. हरताना आईनं बघायला नगं?"

कोप परत रांगेत आण, असं मुकादम रोज ओरडायचा. आठवड्याभरात आणखी पाच बायांनी आपापल्या कोपी उचलून आत्याशेजारी नेऊन ठेवल्या. हंगाम संपला, तेव्हा रांगेत मुकादम एकटाच होता.