सही होईपर्यंत चहा नको

महाप्याच्या आमच्या कारखान्यात आमचे ऑडिटर दरवर्षी ऑडिटला यायचे. नेरूळहून येताना स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटलीसुद्धा आणायचे. मी चहा विचारला की उत्तर ठरलेलं, "सही होईपर्यंत नको हो." आणि सही झाली की लगेच निघायचे. गोदामात प्रत्येक पिंपाला बोट लावून माल मोजायचे. आम्ही मागे हसायचो.

एका वर्षी मोजणीच्या दिवशी ते तापाने फणफणले होते. मी म्हटलं, "सर, मागचं गोदाम मी बघितलंय. सगळं ठीक आहे." त्यांनी मान डोलावली. पुढे सहीही केली.

दोन वर्षांनी ऑडिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने नेमकी त्याच वर्षाच्या ऑडिटची फाइल मागवली. ती घेऊन ते आमच्याकडे आले. मागच्या गोदामाचं पान कोरं होतं.

मी म्हटलं, "भरून टाका ना सर, मागची तारीख घाला. सगळेच करतात."

त्यांनी पेन उघडलं. 'हे गोदाम मी स्वतः पाहिलेलं नाही,' असं लिहून खाली मागची नव्हे, लिहिलं त्या दिवसाचीच तारीख घातली. माझं नाव कुठेच घातलं नाही.

त्यांचा सहीचा अधिकार काही वर्षांसाठी गेला. परवा आमची जुनी रजिस्टरं परत द्यायला आले, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "मागवा चहा. आता चालतो मला."

शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्यायले.

त्या वर्षी मीही मागच्या गोदामात गेलो नव्हतो. परवाही मला ते सांगता आलं नाही.