चुलीतला इस्तो

त्या वर्षी अमरावतीत दुधावर सायीच्या आधी कापूस धरायचा. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या पांढऱ्या बोंडांना कधी नव्हे असा मान आला होता. दिवसभर गाड्या पेठेकडे चाललेल्या असायच्या आणि त्यांतून उडणारे तंतू घराघरांत शिरायचे. नारायणशास्त्र्यांच्या घरी गोदाबाई रोज सकाळी दूध फडक्यातून गाळायच्या आणि पुटपुटायच्या, "देवाला नैवेद्य दुधाचा दाखवायचा की सरकीचा?"

माघातल्या त्या सकाळीही त्या दूधच गाळत होत्या. शास्त्रीबुवा ओसरीवर गंध उगाळत बसले होते. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

"गवळी असेल," शास्त्रीबुवा म्हणाले. "त्याला म्हणावं, पाणी वेगळ्या भांड्यात आणत जा. आमचं आम्ही मिसळून घेऊ."

गोदाबाई हसत हसत दार उघडायला गेल्या. गवळी नव्हता. पंचवीस-सव्वीस वर्षांची एक कुणबीण उभी होती. गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले पाय, हातात फडक्यात बांधलेली भाकर. कडी वाजवून ती पायरी उतरून पुन्हा रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती.

"शास्त्री महाराजाचं घर हेच का जी?"

"हेच. वर ये ना, थंडीत का उभी?"

"नाई माय. आमचं आग-पानी बंद हाय."

ती पार्बता. माहेर अकोटकडचं, सासर चांदूर बाजारच्या अलीकडे पूर्णेकाठी. दहाव्या वर्षी लग्न होऊन आली ती सासूच्या मागे मागे कपाशीत शिरली, आणि तिचा हात असा बसला की बोंडातून कापूस निघायचा पण वाळल्या पानाचा एक कण त्याला चिकटायचा नाही. वेचणीला बायका मिळेनाशा झाल्या त्या दिवसांत शेतवाले तिला आधी बोलवायचे. नवरा देवीदास गाडी हाकायचा. बोलायला कमी. मूल जगलं नव्हतं, त्यावरून गावाने थोडं बोलून घेतलं होतं आणि मग सोडून दिलं होतं.

गावात पार्बताची ओळख मात्र वेचणीपेक्षा तिच्या चुलीची होती. रात्री निखारे राखेत पुरून वर गोवरी ठेवायची आणि पहाटे उकरायचे, हे सगळ्याच बायका करत. पण कुणाचे विझत, कुणाचे ओले होत. पार्बताचे कधी विझत नसत. म्हणून झुंजुमुंजू झालं की आळीतल्या बायका हातात खापर घेऊन तिच्या दाराशी यायच्या. "पार्बते, इस्तो दे व." इस्तो म्हणजे विस्तव. दोन निखारे खापरात पडायचे, आणि त्यांच्याबरोबर आळीतली सगळी खबर. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सासू रुसली, हे पार्बताला सूर्याच्या आधी कळायचं.

ते सगळं कार्तिकात थांबलं. देवीदास गाडी घेऊन लांबच्या पेठेत गेला होता. पाटील केशवरावांचा चुलतभाऊ खुशालराव वेचणीवर देखरेखीला असायचा. दिवस मावळताना कापसाच्या गंजीमागे त्याने पार्बतावर बळजबरी केली. तिने आरडाओरडा केला, पण बाकीच्या बायका बांध ओलांडून गेल्या होत्या. घरी येताच तिने शेजारच्या माणिकबाईला सगळं सांगितलं. लपवलं नाही. आपण काही केलेलं नाही तर लपवायचं कशाला, असा तिचा साधा हिशोब.

जातीचे पंच बसले. खुशालराव म्हणाला, तिनेच बोलावलं. पंचांनी त्याला मारुतीपुढे नारळ फोडायला सांगितला आणि त्याचा विषय संपला. पार्बताला सांगितलं, अंग बाटलं, प्रायश्चित्त घे. केस उतरव, पंचगव्य घे, मग जातीत बस. कोणतं प्रायश्चित्त किती दिवसांचं, ते अमरावतीच्या शास्त्र्यांकडून लिहून आण. तोवर त्या घरचा विस्तव आणि पाणी कुणी घ्यायचं नाही, द्यायचंही नाही.

पार्बताने हे सगळं रस्त्यावर उभं राहूनच सांगितलं. सांगताना रडली नाही. गोदाबाईंनी हातातलं फडकं पिळून पिळून कोरडं केलं.

"कचेरीत नाही गेलीस?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"मालक जाऊन आले जी. तिथचा कारकून म्हने, साक्षीदार आन. आता कपाशीले तोंड कुठून आनू?"

गोदाबाई पायरी उतरून तिच्याजवळ गेल्या, हळू आवाजात एक गोष्ट विचारून आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "त्यानंतर तीनदा विटाळ येऊन गेलाय. आता सांगा, तुमची पोथी काय म्हणते?"

पोथी काय म्हणते ते शास्त्रीबुवांना पाठ होतं, तरी त्यांनी पोथी सोडली. बराच वेळ पानं चाळली. मग म्हणाले, "बळजबरी झालेल्या स्त्रीला टाकू नये. ऋतू आला की ती शुद्धच." पोथी बांधता बांधता त्यांनी घसा खाकरला. "पण पंचांनी प्रायश्चित्त मागितलंय. मी अगदी सौम्य लिहून देतो. केस नकोत. पूर्णेत एक स्नान, एक उपास. तुझंही काम होईल, त्यांचाही मान राहील."

केशवरावांच्या घरून दरवर्षी शास्त्रीबुवांकडे तुरीची डाळ यायची. गोदाबाईंनी ते बोलून दाखवलं नाही. फक्त कोनाड्यातल्या डाळीच्या डब्याकडे बघितलं. शास्त्रीबुवांनीही बघितलं.

"एक उपास तर मी रोजच करून राह्यली जी," पार्बता म्हणाली. "उपासाचं काई नाई. पन मी प्रायश्चित्त घेतलं म्हंजे मी काई केलं असं होईन ना? मंग त्यानं सांगतलं तेच खरं ठरीन."

रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली.

"पोथीत नाही ते कशाला लिहिता?" गोदाबाई म्हणाल्या. "डाळ मी हरभऱ्याची शिजवीन."

शास्त्रीबुवा हसले नाहीत, पण त्यांनी बोरू उचलला.

पार्बता दोन दिवस चालून परत आली. घरात शिरल्यावर पाणी प्यायच्याही आधी तिने चूल पाहिली. राख बाजूला सारली, तर निखारे लालबुंद. जन्मात चुलीला हात न लावलेल्या देवीदासच्या मिशीला राख लागली होती आणि बोटाला फोड आला होता.

"इझू नाई देल्ला," तो म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी चावडीत पंच बसले. बायका बाहेर भिंतीला धरून उभ्या राहिल्या. कुळकर्ण्याने कागद वाचला. सदरहू स्त्रीवर बळजबरी झाली, तीस तिची इच्छा नव्हती. तिला दोष नाही, सबब प्रायश्चित्त नाही. दोष पुरुषाचा. त्याचे प्रायश्चित्त त्याने घ्यावे, तोवर त्यास पंगत नाही.

कुळकर्ण्याने शेवटची ओळ जरा घाईने वाचली. पंचांना शास्त्र्यांचा शब्द मोडता येत नव्हता, कारण तो त्यांनीच मागवला होता. आणि पाळावा कसा, तेही समजत नव्हतं.

"हे काय करून ठेवलं शास्त्रीबुवानं?" केशवराव पाटील पागोटं सरकवत म्हणाले. "जातीबाहेरचा मानूस आत घ्याचा तर पयले प्रायश्चित्त, मंग पंगत. आजवर असंच चालत आलं. आता हिले प्रायश्चित्तच नाई, तर आत घ्याची कशी?"

चूक करून आलेल्याला परत घ्यायची रीत गावाला पाठ होती. ज्याने चूकच केलेली नाही त्याला परत घ्यायची रीत कुणाला माहीत नव्हती.

"थोडंसं तरी घे व पोरी," एक म्हातारे पंच काकुळतीने म्हणाले. "नखायेवढं. नुसतं गोमूत्र शिंपडू, झालं."

"नाई, बाबाजी."

"लय शानी झाली अमरावतीची हवा खाऊन!" कोपऱ्यातून खुशालराव म्हणाला.

बाहेरून माणिकबाईचा आवाज आला. तीन महिने तीही पार्बताच्या दारावरून मान खाली घालून जात होती. "खुशालराव, कागदात तुमची पंगत बंद हाय म्हंते. आयकलं नसन तं कुळकर्न्याले पुन्यांदा वाचाले लावा!"

बायकांत खसखस पिकली. म्हातारे पंचही मिशीत हसले. खुशालरावने पाटलांकडे पाहिलं. पाटील जमिनीकडे पाहत होते. तो उठला, जोडा पायात नीट न घालताच निघून गेला. त्याला कुणी थांब म्हटलं नाही.

"कागद आला तसा पाळा लागन," शेवटी पाटील म्हणाले. "त्याचं मी पाह्यतो. पन पार्बते, तुह्यं कसं करू? तूच सांग. तुले पाह्यजे काय? लुगडं-चोळी? पंगत?"

पार्बताने डोक्यावरचा पदर नीट केला. देवीदास दाराशी उभा होता, त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"काई नाई पाह्यजे, पाटीलबुवा. माह्या चुलीतला इस्तो तीन महिन्यांत एकदाबी इझला नाई. उद्या सकाळी कोनीतरी खापर घेऊन या, अन् त्यातला न्या."