तळहातावरचे डोळे

चिंचकाकू कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की आधी माणसांकडे बघत नसत, देवघराकडे बघत. उजवा डोळा त्यांचा मुळातच जरासा बारीक. देवांवरून नजर फिरवताना तो आणखी बारीक व्हायचा आणि समईच्या बुडाशी कुठे हिरवट डाग राहिला असेल तर नेमका तिथे जाऊन थांबायचा. मग घरच्या बाईकडे वळून त्या अगदी गोड आवाजात म्हणायच्या, "चिंच संपली वाटतं गं?" कतारमधल्या दुखानच्या कंपनी वसाहतीतल्या आम्ही सगळ्या मराठी बायका त्या डोळ्याला टरकून होतो.

काकूंचं माहेर नाशिकचं, भांड्यांच्या बाजारातलं. पितळेच्या ठोक्यांवर आपण बोलायला शिकलो, असं त्या सांगायच्या. सुट्टीहून परतताना आम्ही लोणची, मसाले आणायचो, त्या चिंचेचे गोळे आणायच्या. दुखानच्या हवेत एकीकडून समुद्राचा खार आणि दुसरीकडून तेलविहिरींचा वायू, त्यामुळे पितळ बघता बघता काळवंडायचं. काका बिचारे विहिरीवर काम करून यायचे आणि काकू त्यांनाच बोल लावायच्या, "तुमच्याच गॅसनं माझा बाळकृष्ण काळा पडला." मूळचा तो काळाच, हे बोलायची काकांची छाती नव्हती. "पितळ आणि माणूस घासल्याशिवाय कळत नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. घासायला बसल्या की मीठ-चिंचेच्या वासाने तोंडाला पाणी सुटायचं, आणि घरातल्या सगळ्या पितळेवर ऊन उतरल्यासारखं व्हायचं.

फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीचे दिवस होते. दोह्याकडे जाणारा रस्ता दर शुक्रवारी वेगळीकडून वळायचा आणि क्षितिजावर क्रेनच क्रेन दिसायच्या. माइला त्याच काळात आमच्या वसाहतीच्या बसवरची नोकरी सोडून एका स्टेडियमच्या कामावर परांच्या बांधायला गेला. माइला नेपाळचा. काकूंना तो दिदी म्हणायचा, आणि बस चालवत होता तेव्हा त्यांच्या बाजाराच्या पिशव्या दारापर्यंत आणून द्यायचा. आता त्याचा मुक्काम बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीत होता. खोलीत खाटेवर खाट, देव ठेवायला कोपरा नाही. एका शुक्रवारी तो मफलरमध्ये काहीतरी गुंडाळून घेऊन आला आणि त्याने ते काकूंच्या टेबलावर हळूच उलगडलं.

ती तारा होती, बौद्धांची देवी. वीतभर उंचीची, पितळेची, कमळावर मांडी घालून बसलेली. डावा हात छातीशी, त्यात कमळाचा देठ. उजवा हात गुडघ्यावरून खाली, तळवा आपल्याकडे, देणाऱ्याचा असतो तसा. अंग काळसर, पण तोंडावर सोन्याचा मुलामा आणि त्यावर रंगाने काढलेले डोळे. दोन जागच्या जागी, एक कपाळावर. शिवाय दोन्ही तळहातांवर एकेक डोळा कोरलेला आणि वर वळलेल्या दोन्ही तळपायांवर एकेक. असे सात डोळे. माझी लेक तेव्हा लहान होती. ती माझ्यामागे लपून म्हणाली, "मम्मा, शी इज लुकिंग अ‍ॅट मी विथ हर फीट."

"इतने आँख कायको?" काकूंनी विचारलं.

"दुख सब तरफ से आता है, दिदी," माइला म्हणाला. "सिर्फ मुँह पर आँख होने से पूरा नहीं दिखता. और देने वाले हाथ को भी दिखना चाहिए ना." मग जरा लाजून त्याने सांगितलं की ही लांब आयुष्याची देवी आहे. परदेशात निघाला तेव्हा आईने पूजा करवून त्याच्या नावाने दिली होती. आत मंत्र लिहिलेले कागद भरून बूड बंद केलं होतं आणि डोळे सर्वांत शेवटी काढले होते. डोळे काढेपर्यंत ते नुसतं पितळ, डोळे उघडले की मग ती. जाताना दारातून परत वळून तो म्हणाला, "दिदी, इसको धोना नहीं. बस सूखा कपड़ा."

"तुम चिंता मत करो. मैं एकदम चकाचक रखेगी," काकू म्हणाल्या. दार लागल्यावर माझ्याकडे वळल्या, "सुका कपडा म्हणे! पुरुषांना काय कळतंय पितळेतलं."

दिवाळीच्या तोंडावर सगळे देव परातीत उतरले, त्यात ताराही उतरली. ज्या हातांनी जन्मभर देव लखलखवले, त्या हातांनी सवयीने चिंच उचलली. मी गेले तेव्हा काकू ओल्या हातांनी नुसत्या बसून होत्या. पाटावर तारा होती, नखशिखांत झळझळीत, आणि तिला चेहराच नव्हता. सोनं गेलं होतं, डोळे गेले होते. उरलं होतं गुळगुळीत पिवळंधमक पितळ. वाकून बघितलं की त्यात आपलंच तोंड दिसायचं, इवलंसं, वाकडं. तळव्यांवरचे डोळे मात्र कोरलेले, ते तसेच शाबूत. घासल्याने उलट जास्तच टक्क उघडले होते.

"त्याचं आयुष्य पुसलं गं मी," काकू म्हणाल्या. मी समजूत घातली. रंगच तो, परत देता येईल, वगैरे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पण त्या घरात बसायला मलाही नकोसं वाटायला लागलं, हे खरं. काकूंनी चिंच फेकून दिली. त्यांचे स्वतःचे देव हळूहळू काळे पडले आणि त्यांनी पडू दिले. तारेला रोज सुका कपडा फिरवायच्या आणि आता तिला दिसत नाही म्हणून सगळं सांगायच्या. मी गेले की, "सुजाता आलीय हं. दार उघडलंय. बाहेर धूळ आहे." एकदा दुपारी गेले तर काकू तिच्यासमोर बसल्या होत्या, डोळे मिटून, उजवा तळवा गुडघ्यावरून खाली सोडून. हाक मारायचा धीर झाला नाही. मी आल्या पावली परत गेले.

माइला अधूनमधून शुक्रवारी यायचा तेव्हा काकू मूर्तीवर रेशमी खण टाकून ठेवायच्या. सांगायला तोंड उघडायच्या आणि चहा द्यायच्या.

पुढे धुळीच्या वाऱ्याचे दिवस आले. एका दुपारी आभाळ तांबूस झालं, समोरचं घर दिसेना, भर दुपारी तिन्हीसांजा झाल्या. त्याच दिवशी वसाहतीत बातमी आली की दोह्याकडे एका स्टेडियमवरून माणूस पडला. कोण, कुठल्या देशाचा, कुणालाच माहीत नव्हतं. काकूंनी माइलाला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मग फोन ठेवून त्या उठल्या, तारेसमोर बसल्या आणि तिच्या उघड्या तळव्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "त्याला सुखरूप आण. डोळ्यांची भरपाई हवी असेल तर माझे घे. पण त्याला आण."

"काकू!" मी ओरडलेच. "असलं काहीतरी बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"म्हणू दे," काकू म्हणाल्या. मी विज्ञानाची बाई आणि वास्तूचं भय घालत होते, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. त्या क्षणी मला बाहेर वारा अचानक थांबल्याचं तेवढं ऐकू आलं.

पडलेला माणूस माइलाच होता. काही आठवड्यांनी तो कुबडी घेऊन दारात उभा राहिला. पाय मोडला होता, पण जाळीत अडकल्यामुळे जीव वाचला होता. फोन मात्र खाली पडून फुटला. कंपनी त्याला घरी पाठवत होती. "कैसे गिरा पता नहीं, दिदी. कैसे बचा वो भी पता नहीं," तो म्हणाला. काकूंनी खण काढला. माइला त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. काकू हमसून रडायला लागल्या तेव्हा त्याने मूर्तीच्या तळव्याला कपाळ लावलं. "मुँह गया, हाथ तो है. घर जाकर आँख फिर खुलेगी. रोना नहीं." आणि त्याच जुन्या मफलरमध्ये गुंडाळून तिला घेऊन गेला.

त्यानंतर काकू कपात चहा ओतताना बाहेर ओतायला लागल्या. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. खूप दिवसांचा असणार, तुमच्या लक्षात आला नाही. काकूंच्या आईलाही होता म्हणे. मी हे सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं आणि सर्वांत जास्त वेळा स्वतःला सांगितलं. काका निवृत्त होऊन दोघं नाशिकला परतली तोवर काकूंना उजेड-अंधार तेवढा कळत होता. विमानतळावर मी रडले, त्या नाही रडल्या.

पुढच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले. आदल्याच दिवशी माइलाने माझ्या फोनवर फोटो पाठवला होता. तारेच्या तोंडावर नवं सोनं चढलं होतं आणि त्यांच्या गावच्या चित्रकाराने डोळे काढले होते. मी तो मोठा करून बघितला होता आणि फोन बाजूला ठेवून दिवा लावला होता.

"छान काढलेत डोळे," मी काकूंना म्हटलं. "लांबट, काळेभोर."

काकूंनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "उजवा जरासा बारीक आहे का गं?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "नाही हो," मी म्हटलं. "दोन्ही अगदी सारखे आहेत."

काकूंनी हात पुढे केला आणि उघडा तळवा माझ्या तोंडावरून हळूहळू फिरवला, कपाळ, गाल, नाक. "खोटं बोलताना नाक आवळतेस तू," त्या हसून म्हणाल्या. "असू दे. त्याच्याकडे बघतोय ना, मग झालं."