उरलेल्या पत्रिका

हवालदार कुजबुजत बोलायचे. एवढा दांडगा माणूस, आमच्या कार्यालयाच्या दारातून आत येताना खांदा तिरका करावा लागायचा, आणि आवाज मात्र पाळण्यातलं मूल उठेल या भीतीने काढल्यासारखा. मला आधी वाटलं, घशाचं काही दुखणं असेल. म्हणून मी एकदा ज्येष्ठमधाची कांडी दिली. त्यांनी ती मुकाट चघळली आणि तितक्याच बारीक आवाजात म्हणाले, "लई गोड हाय, ताई."

मी सरकारी वकिलांच्या कार्यालयात कारकून. जालना रोडवर कोर्टाच्या आवारात आमच्या दोन खोल्या. हवालदार ग्रामीण भागातल्या एका ठाण्याचे. तिथले कागद आमच्याकडे आणायचे आणि आमच्या नोटिसा गावोगाव पोचवायच्या, हे त्यांचं काम. तुम्ही कधी कोर्टाच्या आवारात उभे राहिला असाल तर पाहिलं असेल, तिथे जो तो गरजेपेक्षा मोठ्याने बोलतो. वकील अशिलावर, अशील फोनवर, पुकारा करणारा सगळ्या जगावर. त्या गलक्यात हा एकटा माणूस टेबलाशी वाकून "ताई, च्या सांगू का?" असं विचारायचा, जणू चहा चोरीचा आहे.

आता थोडं कामाचं सांगते, कंटाळू नका. फौजदारी खटला म्हणजे एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला आरोपी, अशी जुनी वहिवाट. जिच्यावर गुजरलं ती बाई या भांडणात नुसती साक्षीदार. बोलावलं की यायचं, विचारलं तेवढं सांगायचं. आरोपी जामिनावर सुटला हे तिला कळायचं ते तो दारासमोरून गेला म्हणजे. मग वरच्या कोर्टांचे निकाल येत गेले. तिचंही म्हणणं ऐका, जामिनाच्या वेळी ऐका, तिला न कळवता काही ठरवू नका. आमच्या साहेबांनी तो निकाल वाचून दाखवला तेव्हा आम्ही सगळे खूश झालो. निकाल चांगलाच होता. पण 'तिला कळवा' असं निकालात लिहिलं, की कोणीतरी उठून तिच्या दारात जावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे आमचे हवालदार.

एकदा मी त्यांना चिडवलं. "हवालदार, तुमच्या घरी तरी ऐकू जातं का तुमचं बोलणं? का वहिनी अंदाजानेच संसार करतात?"

ते हसले. मग खुर्ची ओढून बसले. एरवी कधी बसायचे नाहीत.

"पयले असा नव्हतो मी," ते म्हणाले. "परेडला हुकूम द्यायला मलाच पुढं करायचे. आवाज लई खडा व्हता."

नव्या निकालानंतर त्यांच्या हाती आलेली ती पहिलीच नोटीस होती. मुलगी विशीतली. आरोपी तिच्याच गावचा, गंगापूरकडचा. प्रकरण झाल्यावर बापाने तिला पाचोडजवळ मावशीच्या घरी ठेवलं होतं. तिथे कोणाला काही ठाऊक नव्हतं, आणि मावशीने एक सोयरीकही पाहून ठेवली होती. आरोपीने जामिनाचा अर्ज केला, तेव्हा तिला कळवणं आलं.

हवालदार गेले ते पाचोडच्या बाजारच्या दिवशी. बाजारात चार लोक भेटतात, पत्ता पटकन सापडतो, हा त्यांचा हिशेब. अंगावर वर्दी, बुडाखाली जीप. मावशीच्या मालकाचं नाव घेऊन विचारलं. पत्ता सापडलाच, वर भाजीच्या पिशव्या हातात घेऊन निम्मा बाजार जीपमागे आला. आता नोटीस नुसती हातात देऊन चालत नाही. ती वाचून दाखवायची आणि समजावून सांगायची असते, तसं अहवालात लिहून द्यावं लागतं. हवालदार नेमाचे पक्के. त्यांनी अंगणात उभं राहून वाचली.

"शब्द न शब्द वाचला, ताई. कलमासकट. आपला आवाज चांगला हाय, असं वाटायचं ना मला."

मुलगी पीठ मळता मळता उठून आली होती. तिने पदराला हात पुसले, दाखवली तिथे सही केली आणि मान वर न करता विचारलं, "काका, झालं का वाचून? का अजून हाय?"

कोर्टात तिच्याकडून कोणी आलं नाही. नोटीस पोचली आहे, कोणी हजर नाही, अशी नोंद झाली आणि जामीन झाला. पुढचा कागद घेऊन हवालदार पुन्हा गेले तेव्हा मावशीने उंबऱ्याच्या आतूनच सांगितलं, "गेली ती. कुठं गेली ते ईचारू नका. सोयरीक बी गेली."

त्यांचा तो पहिला अहवाल माझ्याच टेबलावरून पुढे गेलेला. वाचून दाखवली, समजावून सांगितली. अक्षर सुरेख, शिक्का जागच्या जागी. मला त्यात काहीही खटकलं नव्हतं. आणि गंमत बघा, ज्याने केलं तो मोटारसायकलवरून गावभर फिरतोय, आणि तोंड लपवतेय कोण? ती पोर, तिची मावशी आणि हा हवालदार. लाजेची वाटणी आपल्याकडे अशी उफराटी असते. त्या दिवशी माझ्याही वाट्याला थोडी आली.

तेव्हापासून हवालदारांचा आवाज बसला तो बसला. आणि तेव्हापासूनच ते नोटीस लग्नाच्या पत्रिकेत घालून नेऊ लागले.

गुलमंडीच्या मागे एक छापखानेवाला त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्याकडच्या चुकलेल्या, उरलेल्या पत्रिका हवालदार मागून आणायचे. माझ्या टेबलावर मांडून चारी कोपऱ्यांना स्वतः हळदकुंकू लावायचे. त्यासाठी माझ्या खणात कुंकवाची डबी आली, आणि सरकारी कागदांना कुठे कुठे लाल बोटं लागली. मग धोतर नाहीतर साधा सदरा-पायजमा, डोक्याला टोपी, हातात पत्रिकांची पिशवी. ठाण्यातली एक महिला शिपाई काठापदराची साडी नेसून त्यांची भावजय व्हायची. कोणाच्याही दारात पत्रिका घेऊन जावं, गाव वळूनही पाहत नाही. आणि भावजय बाईमाणूस, ती सरळ चुलीपाशी जाऊन बसते. तिथे मग कागद निघायचा, आणि जे समजावून सांगायचं ते हळू आवाजात सांगितलं जायचं. उठताना हवालदार अंगणातून म्हणायचे, "यायला लागतंय बरं का!" तेवढंच काय ते जरा मोठ्याने.

यात फजितीही व्हायची. कन्नड तालुक्यातल्या एका गावात शेजारचा म्हातारा येऊन बसला आणि नवरीचं कूळ कोणतं, मामा कोण, हुंडा किती, सगळं विचारायला लागला. हवालदारांना अख्खं गणगोत जागच्या जागी जन्माला घालावं लागलं. परत आल्यावर मला म्हणाले, "ताई, लग्न जमवणं सोपं हाय. मामा जमवणं लई अवघड."

त्याच खेपेला ज्या बाईला त्यांनी नोटीस दिली, ती कोर्टात आली. तीही घर सोडून मामाच्या गावी राहिलेली. हवालदारांनी तिला बसस्टँडवरून आणलं, व्हरांड्यात तिच्या पुढ्यात असे उभे राहिले की येणाऱ्या-जाणाऱ्याला फक्त त्यांची पाठ दिसावी. न्यायमूर्तींनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का? मी फाईल घेऊन साहेबांच्या मागे उभी होते. ती खाली बघून म्हणाली, "त्याला सोडलं तर मला अजून एक गाव बदलावं लागंल. आता मला कोणी ठिवून घ्यायचं राहिलं नाय."

अर्ज फेटाळला गेला. बाहेर येऊन मी हवालदारांना सांगितलं, तर त्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि "बसला उशीर होईल" म्हणत तिला घेऊन निघाले. ती आपल्या मामाच्या गावीच राहिली. गावाला शेवटपर्यंत काही कळलं नाही.

निवृत्तीच्या आधी हवालदारांच्या लेकीचं लग्न ठरलं. या खेपेला पत्रिका खऱ्या होत्या. पहिली देवाला ठेवली, दुसरी घेऊन ते कन्नडकडच्या त्या बाईकडे गेले. एवढं चांगलं झालं होतं, तर तिने लग्नाला यावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. परत आले ते थेट माझ्या टेबलाशी, आणि पुन्हा खुर्ची ओढून बसले.

पत्रिका बघताच त्या बाईच्या हातातलं भांडं पडलं होतं. ती पत्रिका घेऊन आत गेली. बराच वेळ आली नाही. मग बाहेर येऊन दाराला धरून म्हणाली, "काका, यात कागद नाय. कुठं पडला का? तारीख कवाची हाय?"

"मी म्हन्लं, बाई, या खेपंला खरंच लग्न हाय. माझ्या लेकीचं. तीन डाव सांगितलं, ताई. तिला पटंनाच." हवालदारांचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. "येवढं झाकून नेलं, आन् तिला लग्नाच्या पत्रिकेचंच भ्या घातलं मी. शरम वाटती."

  त्यांना वाटत होती ती शरम खोटी नव्हती, फक्त ती एकट्याने वाहण्याइतकी लहान नव्हती.

लग्नाला ती आली नाही. मंगल कार्यालयाच्या दाराशी हवालदार फेटा बांधून उभे होते. आलेल्याला हात जोडत होते आणि त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होते. शेवटची पंगत उठली तेव्हा मला म्हणाले, "बरोबर केलं तिनं. कशाला यावं?"

ठाण्यातली ती महिला शिपाई, त्यांची खोटी भावजय, लग्नात खऱ्या करवलीसारखी वावरत होती. जाताना तिने जरा घुटमळत विचारलं, "काका, पत्रिका उरल्यात का? आता तुम्ही नसणार. कामाला येतील."

मला तो प्रश्न ऐकवला नाही. लेकीच्या हातांची हळद अजून ओली होती. हवालदार आत जाऊन उरलेला अख्खा गठ्ठा घेऊन आले.

"वर्दी घालून जीप दारात नेण्यापरीस हे बरं," ते म्हणाले. "आन् दुसऱ्याच्या लेकीचं नाव किती दिवस वापरायचं? आता आपल्या लेकीचं जाऊ दे."

हवालदार निवृत्त झाले, आणि मग गेलेच. घशाला काही झालेलं नव्हतं, छातीत कळ आली आणि संपलं. आवाराचा गलका तसाच आहे. निकालही आहेत, एकापेक्षा एक चांगले. माझ्या खणात कुंकवाची डबीही अजून आहे.

परवा व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, मांडीवर एक पत्रिका, कोपऱ्यावरचं कुंकू घामाने बोटांना लागलेलं. मी शेजारी बसले. पत्रिकेवर हवालदारांच्या लेकीचं नाव होतं आणि खाली निमंत्रक म्हणून हवालदारांचं. त्या लेकीला आता एक मूलही आहे. लग्नाची तारीख केव्हाच उलटून गेली होती, आणि ही बाई आपल्या तारखेला आली होती.

पुकारा व्हायचा होता. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "ताई, आत मोठ्यानं वाचून दाखवतेत का?"

नाही, असं मी म्हणाले. पण माझा आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा विचारावं लागलं.