तीन फोटोंचं एक भूत

आमच्या स्टुटगार्टच्या फ्लॅटमध्ये भूत आहे, हे सिद्ध करायला मला एक नवा कॅमेरा, एक ट्रायपॉड आणि एक अख्खा रविवार लागला.

त्या रविवारी संध्याकाळी माझ्या बायकोचं, गौरीचं, डोहाळजेवण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी सासूबाईंची फार इच्छा. मुलगी साताऱ्याला येत नाही म्हटल्यावर त्या माहेरच बॅगेत भरून इकडे आल्या होत्या. (बॅगेत डिंक, खारीक, अळीव आणि एक पितळी खलबत्ता होता. विमानतळावर कस्टम्सवाल्याने डिंकाचा वास घेतला आणि मुकाट्याने त्यांना जाऊ दिलं.)

पाहुणे यायच्या आधी गौरीचा एक झकास फोटो काढायची जबाबदारी मी घेतली. कोणी दिली नव्हती. हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात फुलांचं धनुष्य, सगळं जमून आलं होतं. पण मागे बाल्कनीची मोठी काच आणि बाहेर लख्ख ऊन. साधा फोटो काढला तर एक तर गौरी काळीठिक्कर पडायची, नाहीतर आकाश पांढरंफटक. यावर उपाय म्हणजे एचडीआर! एकाच दृश्याचे तीन फोटो काढायचे, एक अंधारा, एक बेताचा, एक उजळ, आणि कॉम्प्युटरवर तिन्हींतलं चांगलं तेवढं घेऊन त्यांचा एक फोटो करायचा. हे मी सासूबाईंना सविस्तर समजावून सांगितलं.

"म्हणजे एक नीट येत नाही म्हणून तीन काढायचे का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

अट एवढीच की तिन्ही वेळा काही हलता कामा नये. गौरीला मी श्वाससुद्धा बेताने घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, मी घेईन, पण पोटात जे लाथा मारतंय त्याला तूच सांग. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून मी टायमर लावला, तेवढ्यात जरा मागची आवराआवर केली, आणि तीन क्लिक झाले.

तिन्ही फोटो एक करून मी थेट टीव्हीच्या पडद्यावर लावले. काय फोटो होता! नथीचा मोती न् मोती दिसत होता, आकाशातले ढग मोजता येत होते, आणि गौरीच्या डाव्या खांद्यामागे कोणीतरी उभं होतं.

उभं म्हणजे वाकलेलं. पांढरं, धुरकट आणि आरपार दिसणारं. त्याला डोकं नव्हतं. हात मात्र पाच-सहा होते आणि ते सगळे खाली लोंबत होते.

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या, मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन आल्या, गौरीवरून ओवाळल्या आणि तापलेल्या तव्यावर टाकल्या. भुताला ठसका लागला की नाही माहीत नाही, छतावरच्या राउखमेल्डरला, म्हणजे धुराच्या अलार्मला, लागला. तो असा काही कोकलायला लागला की खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केसलर चपला घालून वर आल्या. मी स्टुलावर चढून तो बंद करत असताना सासूबाईंनी मला खालूनच दुभाष्या केलं. या घरात कोणी गेलं होतं का, विचारा त्यांना. मी जीव मुठीत धरून विचारलं. फ्राऊ केसलरनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि सांगितलं, छे, कोणी मेलेलं नाही, आधीचा भाडेकरू फक्त अचानक उल्म शहराला निघून गेला. (यातला 'अचानक' मी गाळायला हवा होता.)

"अचानक का बरं?" सासूबाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी निकाल दिला. "गौरीला मी साताऱ्याला घेऊन जाते. तुम्ही बारशाला या."

इथे माझं हसू संपलं. आमच्या बाळाचं पहिलं रडणं मला फोनवर ऐकायचं नव्हतं. मी खरोखर घाबरलो, आणि घाबरलो की मी तांत्रिक माहिती देतो. म्हटलं, आई, एचडीआरमध्ये काहीतरी हललं की असं होतंच. जगभर होतं. त्याला भूतच म्हणतात आणि ते घालवायचं बटणही असतं.

"म्हणजे यंत्रालाही ठाऊक आहे," सासूबाई गौरीला म्हणाल्या.

"आल्झो, चल, दाब ना मग ते बटण," गौरी म्हणाली. "मला भूक लागलीये."

मी दाबलं. आता त्या बटणाची रीत अशी, की तिन्हींपैकी एक फोटो खरा मानायचा आणि हललेल्या जागी त्यातलंच चित्र भरायचं. कुठला खरा, ते त्याचं तो ठरवतो. त्याने पहिला ठरवला. भूत गेलं नाही, ते भरत गेलं. आधी पांढरा झब्बा आला. मग लोंबणाऱ्या हातांच्या जागी माझ्या ऑफिसच्या शर्टांच्या बाह्या आल्या, मग कपडे वाळत घालायचा स्टँड आला, आणि तो चौकटीबाहेर ओढण्यासाठी कमरेत वाकलेला, कॅमेऱ्याकडे पाठ केलेला मी आलो. डोकं पुढे, खाली, कुठेतरी होतं. फोटोत मात्र सगळ्यात सुस्पष्ट आला होता तो माझा पार्श्वभाग, अगदी झब्ब्याच्या सुरकुत्यांसकट.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं फ्राऊ केसलर म्हणाल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

गौरी धनुष्य टाकून पोट धरून हसत होती. सासूबाई पदराने डोळे टिपत होत्या. त्या रडत असाव्यात असं मला आधी वाटलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मी हीच संधी साधली.

"आई, भूत नव्हतंच ना? मग आता गौरीला न्यायला नको ना?"

"नको," त्या म्हणाल्या, "राहते मी इथेच. भूत असतं तर उतरवून टाकलं असतं, जावईबापू. तुम्हाला तर आम्हीच पत्रिका बघून पसंत केलंय."