सिंकखालचं स्पॅनिश

आमचे हे प्लंबर. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि भांडल्याशिवाय यांना अन्न पचत नाही. गिऱ्हाइकाशी भांडतील, माझ्याशी भांडतील, कुणीच नसलं तर नळाशी. या माणसाने साठी उलटल्यावर स्पॅनिश शिकायला घेतलं, तेही भांडायलाच.

आमच्या मुलीने परदेशात लग्न केलं. जावई स्पॅनिश बोलणारा, उंच, लांब मानेचा. यांनी पहिल्या भेटीतच त्याचं नाव उंट ठेवलं. लग्नात त्याला बाजूला घेऊन बजावलं, पोरीला नीट सांभाळ, नाहीतर तंगडं मोडून हातात देईन. मुलीने ते त्याच्या भाषेत सांगितलं, तर उंट खूश होऊन यांच्या गळ्यातच पडला. कार्टीने भलतंच काहीतरी सांगितलं हे यांच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिचे फोन मला यायचे, आणि हे शेजारी बसून बहिऱ्याचं सोंग घ्यायचे. बापजन्मात असा हेकट माणूस मी पाहिला नाही.

मग तिचं ऑपरेशन झालं. उंट तेव्हा कामासाठी दुसऱ्या गावी, ही दवाखान्यात एकटी. जरा हिंडूफिरू लागल्यावर ती विश्रांतीला आमच्याकडे आली. हे तिच्याशी बोलेनातच, पण मला म्हणाले, ही आता परत जाणार नाही. उंट न्यायला आला की त्याचा असा पाणउतारा करीन की आल्या पावली पळेल. आणि या वेळी मध्ये कुणी नको, थेट त्याच्या भाषेत.

गल्लीच्या टोकाला एक बाई स्पॅनिश शिकवायच्या. पहिल्याच दिवशी हे त्यांच्याशी भांडले. बाई म्हणाल्या, आधी ‘मी खातो, मी जातो’ शिका. हे म्हणाले, मी काय खातो ते उंटाला कशाला सांगू? मला त्याला विचारायचंय, तू तिला सांभाळावंस असं सांगितलं होतं ना? बाईंनी कपाळाला हात लावला. असं ‘सांभाळावंस’ म्हणायला क्रियापदाचं फार पुढचं रूप लागतं म्हणे. पण यांच्यापुढे कोणाचं चाललंय! नमुन्याला त्यांनी ‘यामार’ दिलं. यामार म्हणजे फोन करणं. ‘त्यांनी फोन केला’ म्हणजे यामारोन. त्यातला शेवटचा ‘रोन’ कापायचा आणि तिथे ‘रा’ बसवायचा. हे घरी येऊन म्हणाले, हात्तिच्या, पाइप कापून नवा सांधा बसवायचा, एवढंच की.

झालं. सिंकखाली डोकं घालून यामारा, यामारास, यामारा. दाढी करताना यामारामोस, यामाराइस, यामारान. मी फोन करावा, तू करावास, तिने करावा. माझं डोकं उठलं. मुलगी समोर बसून ऐकायची. एकदा तिने हळूच उच्चार सुधारला, तर यांनी हातातला पाना जमिनीवर आपटला.

उंट आला. बॅग खाली ठेवायच्या आत हे त्याच्यासमोर उभे.

‘ते दिहे के ला कुइदारास.’

तुला सांगितलं होतं, तिला सांभाळावंस. एकही चूक नाही. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. मला मात्र, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. त्याच्यावर राग माझाही होता.

उंट लालबुंद झाला. मुलीने त्याचा हात धरला, तो त्याने सोडवून घेतला. चूक कबूल केल्यासारखी मान हलवली. मग यांच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, ‘एया केरीआ के उस्तेद यामारा.’

मुलगी अर्थ सांगायला पुढे झाली नाही. ‘यामारा’ आमच्या घरातल्या भांड्यांनाही पाठ होतं. बाकीचं मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिला वाटत होतं, तुम्ही फोन करावा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने मला विचारलं होतं, बाबा आहेत का गं जवळ? हे हातभर अंतरावर होते. मी फोन यांच्यापुढे धरला, तर यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

एरवी एका शब्दाला दहा शब्द फेकणारे हे आत गेले आणि दार लावून घेतलं. दोन दिवसांनी मुलगी निघाली, तेव्हाही बाहेर आले नाहीत. तिने बंद दाराला सांगितलं, येते बाबा.

ती तिकडे पोचायच्या दिवशी हे सकाळपासून माझ्याभोवती घिरट्या घालत होते. शेवटी म्हणाले, पोचली का विचार तिला. माझं टाळकं सटकलं.

‘मी नाही विचारणार. इतके दिवस काय घोकत होतात?’

फोन यांच्या पुढ्यात आपटला आणि मी स्वयंपाकघरात गेले. भांडी घासायला घेतली. मग यांचा आवाज आला, नेहमीसारखाच चढलेला. ‘काय गं, पोचल्यावर बापाला फोन करता येत नाही?’

ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. हे नुसते हं, हं म्हणत राहिले. मी हात पुसून बाहेर आले, फोनसाठी हात पुढे केला. यांनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.