माळ पायापर्यंत आली

मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सावजी मटणाची एक खानावळ होती. पाटी नव्हती, गरजही नव्हती. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. माझे बाबा तिथे रोज संध्याकाळी जायचे. हो, प्यायलाच जायचे, कशाला खोटं बोलू? पण ते नुसतं पिणं नव्हतं, एवढं आता या वयात मला कळतं.

बाबा नगरपालिकेत नळ सोडायचे. सकाळी अख्ख्या मोहल्ल्याच्या शिव्या खायच्या, दिवसभर चिखलात हात घालायचे आणि दिवस मावळला की खानावळीतला आपला कोपऱ्यातला बाक गाठायचा. आमच्याकडची जानेवारीतली थंडी हाडात शिरते, पण आत चुलीची अशी ऊब असायची की स्वेटर काढून ठेवावं लागे. संत्र्याच्या पेट्या ठोकणारे, रेल्वेचे गँगमन, सगळे एकमेकांच्या ताटातलं उचलून खायचे. बाटली बाकाखाली. मालकिणीला सगळे मावशी म्हणत. तिला बाटली दिसायची नाही, म्हणजे दिसूनही दिसायची नाही. काळा मसाला ती स्वतः पाट्यावर वाटायची आणि ज्वारीची गरम भाकर थेट ताटात टाकायची. घरी तोंड न उघडणारे बाबा तिथे गोष्टी सांगून लोकांना पोट धरून हसवायचे. माय मला त्यांना बोलवायला पाठवायची तेव्हा मी दारात उभा राहून ऐकायचो आणि आतून जळायचो. हा माणूस आमच्या घरी कधी आलाच नव्हता.

मग एका हिवाळ्यात बाबांचे डोळे पिवळे झाले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं आणि बाहेर येऊन मला स्पष्ट सांगितलं, "लिवर खराब हो चुका है. अब एक बूँद भी पी, तो मेरे पास मत लाना." दारू बंद, तेल-तिखट बंद. मी तेव्हा कॉलेजात होतो. घरी येऊन हे सगळं मायला शब्दाला शब्द सांगितलं.

मायने ऐकून घेतलं, पण तिचा विश्वास डॉक्टरवर कुठे बसतो! ती बाबांना घेऊन जाम नदीपलीकडे सावरगावला गेली आणि एका म्हाताऱ्याकडून काविळीची माळ आणली. कसल्याशा झाडाच्या बारीक ओल्या काड्या दोऱ्यात गाठी मारून ओवलेल्या. आधी ती डोक्यावर टोपीएवढी बसते. कावीळ उतरत जाते तशी माळ वाढत जाते, गळ्यात येते, छातीवर येते. पायापर्यंत आली की कावीळ गेली. आमच्याकडे लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

आणि गंमत पाहा, डॉक्टरला न भिणारे बाबा त्या माळेपुढे शहाणे झाले. मऊ भात, मुगाचं फिकं वरण, उसाचा रस. थेंबाला शिवले नाहीत. खानावळीतल्या गोष्टी आता आमच्या चुलीपाशी व्हायला लागल्या. माय तोंडाला पदर लावून हसायची. रोज सकाळी बाबा उभे राहायचे आणि म्हणायचे, "पाह्य बरं, कुठवर आली?" तसे दिवस आमच्या घरात ना आधी कधी होते, ना नंतर आले.

पण डोळे पिवळेच होते. मी म्हणालो, "बाबा, काड्या वाळल्या की बारीक होतात, गाठी ढिल्या पडतात, म्हणून माळ वाढते. डोळे पाहा ना आरशात."

"चूप बस," माय कडाडली. "बाप बरा होऊन राहिला अन् तुले पाहवत नाही काय?"

ज्या दिवशी माळ पायाशी आली, त्या दिवशी मायने ती जाम नदीत सोडली. संध्याकाळी बाबांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाले, "चाल, आज तू बी चाल." तोवर मी कधी त्या दाराच्या आत गेलो नव्हतो. मी गेलो ते त्यांना अडवायला.

आत आरडाओरडा झाला. "आले रे आले! कावीळ उतरली म्हणे!" कुणी मिठी मारली, कुणी बाक पुसला. मावशी चुलीपुढून उठून आली. तिने मात्र नीट खात्री करून घेतली. "पायापर्यंत आली होती ना माळ? नदीत सोडली ना?" बाबांनी मान हलवली, तशी तिने वेगळं काढून ठेवलेलं मटण वाढलं.

"मावशी, डॉक्टर नाही म्हणाला आहे," मी म्हणालो. "एक थेंबही नको. जीव जाईल."

"अरे बापा, मी काय वैरी हाय त्याची? माळ उतरली, मग काहून भेतं? पाह्य, किती सुकला माणूस. खाऊ दे त्याले."

मी बाबांच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. पण त्या पिवळ्या बल्बखाली सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसत होते. बाटली बाकाखालून वर आली. बाबांनी नळीचं हाड माझ्या ताटात ठेवलं आणि गोष्ट सुरू केली. लोक हसले. मी ओरडलो असतो तरी कुणाला ऐकू गेलं नसतं.

मग रोजचंच सुरू झालं. होळीच्या आधी त्यांच्या पोटात पाणी भरलं, रक्ताची उलटी झाली. नागपूरला न्यायच्या आतच बाबा गेले.

मरणाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. जवळचं माणूस जेवण आणतं, त्याला कडू घास म्हणतात. आमच्याकडे तो मावशीने आणला. खानावळ बंद ठेवून, डोक्यावर जेवणाने भरलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन ती चालत आली. मऊ भात आणि मुगाचं फिकं वरण. तेल नाही, तिखट नाही. मायच्या गळ्यात पडून ती रडली. मग मला वाढताना माझ्याकडे पाहून म्हणाली, "माळ तर पायापर्यंत आली होती रे. मंग कसं झालं?"

मायही माझ्याकडेच पाहत होती. मी खाली मान घालून भात कालवला.